पडद्यावरच्या तिथीचित्राला गिऱ्हाईक आहे का, हे आधी कसे पाहावे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुम्ही नाशिकला नोकरी सांभाळून एक प्रोग्राम लिहिला आहे. भिंतीवर टांगलेल्या पडद्यावर गोदाकाठचे एक चित्र दिसत राहते आणि ते त्या दिवसाच्या पंचांगाप्रमाणे बदलते: तिथीनुसार चंद्राची कोर, सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे उजेड, ऋतूप्रमाणे नदीचे पाणी. तुम्ही त्याला तिथीचित्र म्हणता. इन्स्टाग्रामवर कौतुक झाले, ओळखीच्या बऱ्याच जणांनी ‘तयार झाले की आधी आम्हाला सांग’ असे म्हटले, आणि आता चौकटीसह पन्नास पडदे बनवून घेण्यासाठी चार लाख रुपये घालावेत का, असे तुम्ही विचारता. त्याआधी लोकांना दाखवले तर कल्पना चोरीला जाईल, अशी धास्तीही तुम्हाला आहे.

मी पुण्यात बरीच वर्षे चौकटी, डिजिटल प्रिंट आणि अलीकडे पडद्यावरची चित्रे यांचा व्यवसाय करतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती ही की, लोकांना चित्र आवडते का, हा तुमचा प्रश्न आता उरलेलाच नाही. ते आवडते. न कळलेली गोष्ट वेगळीच आहे. तुम्हाला न ओळखणारा माणूस आपल्या घरातली एक भिंत, विजेचा एक प्लग आणि खिशातले पैसे या चित्रासाठी देईल का, आणि देणार असेल तर आपण काय विकत घेतो आहोत असे त्याला वाटत असेल? कौतुक करायला काही खर्च होत नाही. त्यामुळे ज्या चाचणीत समोरच्याला काहीतरी द्यावे लागत नाही, मग ते पैसे असोत, वेळ असो की घरातली जागा, त्या चाचणीवर चार लाखांचा निर्णय बेतू नये.

यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगून टाकतो. तुम्ही चित्र घराला विकणार की हॉटेलला, नग विकणार की नुसता प्रोग्राम, नोकरी सोडणार की शनिवार-रविवारी हे करणार, यांवर चाचणीचे स्वरूप बदलते. पुढचे सगळे मी तुम्ही लिहिल्याप्रमाणे घरगुती गिऱ्हाईक आणि चौकटीतला पडदा गृहीत धरून लिहितो.

तुमच्या चित्रात एक मोठी अडचण दडलेली आहे आणि ती तुमच्या प्रश्नात कुठे दिसली नाही. आपल्याकडे १९७३पासून ‘कालनिर्णय’ घराघरांतल्या भिंतीवर आहे. तिथी दाखवणारी वस्तू भिंतीवर आली की, मराठी घरातला माणूस तिच्याकडे आधी कॅलेंडर म्हणून पाहतो आणि मग चित्र म्हणून. तुमच्या पडद्यासमोर उभ्या राहिलेल्या बाई जर म्हणाल्या की, ‘संकष्टीला चंद्रोदयाची वेळ दाखवेल ना हे?’, तर तो प्रश्न उत्साहाचा वाटतो, पण धंद्याच्या दृष्टीने तो इशारा आहे. त्या पंचांग विकत घेत आहेत, आणि पंचांगाची किंमत त्यांच्या मनात भिंतीवरच्या कॅलेंडराएवढी किंवा मोबाइलवरच्या फुकट ॲपएवढी आहे. शिवाय पंचांग म्हणून घेतलेली वस्तू चुकून चालत नाही. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत अधिक महिना काही वर्षी इतरांपेक्षा वेगळा येतो आणि गणपती महिनाभर पुढेमागे होतात. त्या घरात तुमचा पडदा चुकीचा ठरेल आणि तो चित्रकाराचा दोष मानला जाईल.

म्हणून एक चाचणी मी अशी करीन. एकाच चित्राची तीन रूपे तयार करा. पहिले तुमचे आजचे, पंचांगाप्रमाणे बदलणारे आणि कोपऱ्यात तिथीचे नाव लिहिलेले. दुसरे तसेच बदलणारे, पण त्यावर एकही अक्षर नाही. चंद्र, उजेड आणि पाणी एवढेच बोलतात. तिसरे म्हणजे त्याच चित्रातला एखादा सुंदर क्षण, समजा कोजागरीची रात्र, चांगल्या जाड कागदावर छापलेला आणि चौकटीत बसवलेला. ही तीन रूपे एकाच ठिकाणी एकाच वेळी ठेवू नका, कारण मग लोक तुलना करण्यातच रमतात. वेगवेगळ्या दिवशी ठेवा आणि प्रत्येकाजवळ लोक किती वेळ थांबतात, काय विचारतात आणि शेवटी काय देऊ करतात, हे टिपा. अक्षर काढल्यावर ओढ तशीच राहिली, तर तुमच्याकडे कलावस्तू आहे. अक्षर काढताच ओढ संपली, तर तुमच्याकडे देखणे पंचांग आहे. त्यालाही गिऱ्हाईक असू शकते, पण ते ॲपच्या किमतीचे आणि मोठ्या संख्येचे गिऱ्हाईक आहे, पन्नास चौकटींचे नाही. आणि छापील चित्रच विकले गेले, तर पडद्यांचे पैसे वाचले. माझ्या दुकानात हे तिसरे बऱ्याचदा घडते: गिऱ्हाईक हलत्या चित्रापाशी थांबते आणि स्थिर चित्र घेऊन जाते.

लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवण्याला मी फार महत्त्व देतो. पडद्यावरच्या चित्राबाबत माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न कलेबद्दलचा नाही. तो आहे ‘वायर कुठून जाणार?’. नवरा-बायको येतात, एकाला चित्र आवडते, दुसऱ्याची नजर चौकटीच्या खालून लोंबणाऱ्या काळ्या वायरीवर जाते, आणि पुढची दहा मिनिटे सोफ्यामागचा प्लग, भिंत फोडावी लागेल का आणि नुकताच लावलेला रंग यांवर बोलणे होते. घराचे काम सुरू असलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचा इलेक्ट्रिशियन अजून घरातच असतो. एवढ्या एका निरीक्षणावरून तुमचे खरे गिऱ्हाईक कोण, याचा अंदाज बांधता येतो: नवे घर घेतलेले, वास्तुशांत व्हायची असलेले कुटुंब आणि त्यांचा इंटिरिअर डिझायनर. त्याखालोखाल विजेच्या बिलाचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर तयार ठेवा. पडदा साधारण ४० वॅटचा धरला आणि तो दिवसाला १२ तास चालू राहिला, तर दिवसाला अर्धे युनिट, महिन्याला १५ युनिटच्या आसपास खर्च येतो. हा आकडा ऐकल्यावर बहुतेकांचा चेहरा सैल होतो.

तिसरा प्रश्न विचारणारे थोडे असतात, पण पैसे देणारे बहुधा त्यांच्यातलेच असतात: ‘दहा वर्षांनी हे चालेल का?’ हा प्रश्न रास्त आहे. ॲडोबीने फ्लॅश या ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि त्यावर उभी असलेली असंख्य चित्रे, खेळ व ॲनिमेशन ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली. तुमचे चित्र इंटरनेटवरून हवामान किंवा पंचांग आणत असेल, तर ज्या दिवशी ती सेवा बंद पडेल त्या दिवशी चित्रही थिजेल. सुदैवाने तिथी ही गणिताची गोष्ट आहे. चंद्र आणि सूर्य यांच्यातले कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते, आणि ते गणित पडद्याच्या मागे बसवलेल्या छोट्या संगणकातही करता येते. ते तसेच करा, आणि बिघाड झाल्यास किती वर्षे दुरुस्त करून द्याल, पडदा गेला तर प्रोग्राम नव्या पडद्यावर बसवून मिळेल का, हे एका कागदावर लिहून चाचणीच्या वेळीच गिऱ्हाइकाच्या हातात द्या. हा कागद असताना आणि नसताना मिळणाऱ्या प्रतिसादातला फरक पाहणे, हीदेखील एक चाचणीच आहे.

गिऱ्हाईक नेमके काय विकत घेते, हा प्रश्न डिजिटल कलेत फार पूर्वीपासून आहे आणि त्याची उत्तरे कलाकारांनी आपापल्या परीने शोधली आहेत. राफाएल रोझेनदाल हा डच कलाकार संकेतस्थळे हीच कलाकृती म्हणून विकत आला आहे. २०११मध्ये त्याने त्यासाठी एक करारनामा जाहीर केला. त्यानुसार डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, विकत घेणाऱ्याचे होते, त्याचे नाव त्या पानाला जोडले जाते, पण पान सर्वांसाठी खुले राहते. म्हणजे पाहायला फुकट असलेल्या वस्तूचीही मालकी विकता येते. फक्त मालकी म्हणजे काय, हे कागदावर स्पष्ट हवे. तुमच्या बाबतीत मला मालकीचा अर्थ असा सुचतो: प्रत्येक घरासाठी ते घर ज्या गावी आहे तिथला सूर्योदय, आणि मर्यादित, क्रमांक घातलेल्या प्रती. पन्नासच्या ऐवजी पहिली आवृत्ती वीस-पंचवीस प्रतींची असली, तरी हरकत नाही. न विकल्या गेलेल्या क्रमांकित प्रती कपाटात पडून राहिल्या, तर पुढच्या आवृत्तीची किंमत त्या पाडतात.

किमतीकडे वळू. नव्या प्रकारच्या वस्तूला किंमत ठरवताना लोकांपाशी आधार नसतो. २०१४मध्ये न्यूयॉर्कला केव्हिन मॅकॉय आणि अनिल डॅश यांनी डिजिटल चित्राची मालकी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या सामायिक नोंदवहीत, नोंदवण्याचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा डॅश यांनी ती चार डॉलरांना घेतली होती. २०२१च्या मार्चमध्ये बीपल या कलाकाराची डिजिटल कलाकृती ख्रिस्तीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरांना गेली. या दोन्ही आकड्यांवरून तुमच्या चित्राबद्दल काहीही कळत नाही. दुसरा आकडा देणारा खरेदीदार क्रिप्टो, म्हणजे आभासी चलनाच्या व्यवसायातला गुंतवणूकदार होता, आणि त्याच्या बैठकीच्या खोलीत प्लग कुठे आहे हा प्रश्न त्या व्यवहारात आलाच नव्हता. ओघात आले म्हणून सांगतो: तुम्हीही टोकन, म्हणजे मालकीची अशी ब्लॉकचेनवरची नोंद, विकण्याचा विचार करत असाल, तर २०२२च्या अर्थसंकल्पाने अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणावरील उत्पन्नाला ३० टक्के कर आणि व्यवहारावर एक टक्का टीडीएस लावला, हे लक्षात घेऊन आधी सीएशी बोला. चाचणीच्या टप्प्यावर त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे चित्राला मागणी आहे की सट्ट्याला, हे वेगळे काढता येत नाही.

किंमत तपासण्याची पुस्तकी रीत म्हणजे पीटर फान वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाने १९७६मध्ये मांडलेले चार प्रश्न: किती स्वस्त असेल तर दर्जाबद्दल शंका येईल, कोणत्या किमतीला परवडल्यासारखे वाटेल, कोणत्या किमतीला महाग वाटेल पण विचार कराल, आणि कोणत्या किमतीला नकोच म्हणाल. ही रीत बिस्किटाच्या पुड्याला किंवा मिक्सरला चांगली लागू पडते. तुमच्या वस्तूला ती अर्धवटच लागू पडते, कारण पडदा पाहताच माणूस मनात ‘बत्तीस इंची टीव्ही केवढ्याला येतो’ हा हिशेब करतो आणि चारही उत्तरे टीव्हीच्या किमतीभोवती घुटमळतात. मनात रुतलेला टीव्हीच्या किमतीचा हा नांगर उचलायचा असेल, तर तोंडी प्रश्नांनी तो उचलला जात नाही. संदर्भ बदलावा लागतो. तेच चित्र एकदा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या शेजारी आणि एकदा जलरंगातल्या चौकटबंद चित्रांच्या रांगेत, त्यांच्याच पद्धतीची किमतीची चिठ्ठी लावून ठेवा. बालगंधर्व कलादालनासारख्या ठिकाणी ओळखीच्या चित्रकाराच्या प्रदर्शनात एक भिंत मागून घेतली, तर हे कमी खर्चात जमते. दोन ठिकाणी दोन किमती लावायच्या असतील, तर शहरे तरी वेगळी ठेवा. एकाच माणसाला दोन किमती दिसल्या की तुमची पत जाते.

किंमत ठरवताना वाटेकरी विसरू नका. गॅलरी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाटा घेते आणि इंटिरिअर डिझायनरलाही त्याचा वाटा द्यावा लागतो. चाचणीत तुम्ही थेट विकून जी किंमत मिळवाल, ती पुढे या वाट्यांसकट टिकेल का, हे पाहिले नाही तर मागणी असूनही धंदा बुडतो. आपल्याकडे याचे मोठे उदाहरण आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्यांच्या लक्ष्मी आणि सरस्वती देवघरांत पोहोचल्या, लोकांनी त्यांना पूजेला लावले, तरीही छापखाना कर्जात गेला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.

आता मुख्य चाचणी. पन्नास पडद्यांऐवजी तीन किंवा चार पडदे घ्या, जुने मॉनिटर मिळाले तरी चालतील, फक्त चौकट सुताराकडून नीट करून घ्या. हे पडदे अनोळखी किंवा ओळखीच्या ओळखीच्या घरी पंधरा-पंधरा दिवस लावायला द्या, आणि त्यासाठी परत मिळणारी अनामत रक्कम घ्या. ही रक्कम किमतीच्या दहा-पंधरा टक्के असावी. एवढी की देताना माणसाने घरच्यांना विचारावे. अनामत द्यायला नकार देणारा माणूस गिऱ्हाईक नाही, हे तुम्हाला एका दिवसात कळते. जो देतो, त्याच्या घरी पडदा रोज किती तास चालू होता याची नोंद प्रोग्रामला ठेवू द्या. अर्थात त्याला आधी सांगून आणि त्याची परवानगी घेऊनच. पहिल्या चार दिवसांत सगळेच चालू ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात. मी पाहतो ते दुसऱ्या आठवड्यात. रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून बंद केला, सकाळी लावायला विसरले, मग मोलकरणीने पुसताना प्लग काढला आणि तो तसाच राहिला, अशा रीतीने चित्र हळूहळू मालवत जाते. दुसऱ्या आठवड्यातही कोणी सांगितल्याशिवाय पडदा लावला जात असेल, तर पंधराव्या दिवशी ‘परत नेऊ का?’ एवढेच विचारा. ‘राहू द्या, किती द्यायचे?’ हे उत्तर इन्स्टाग्रामवरच्या हजार बदामांपेक्षा मोलाचे आहे.

आकडे वाचताना सावध राहा, कारण एवढ्या छोट्या चाचणीत आकडे सहज फसवतात. समजा चाळीस अनोळखी लोकांनी चित्र किमतीसकट पाहिले आणि दोघांनी आगाऊ रक्कम दिली. हे पाच टक्के दिसतात. पण संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरे प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून सतरा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. उलट, साठ जणांनी पाहून कोणीच घेतले नाही, तर संख्याशास्त्रातल्या ढोबळ नियमाप्रमाणे तीनला साठने भागा. खरे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असावे, एवढेच खात्रीने म्हणता येते. पाच टक्के गिऱ्हाईक मिळणे हे चौकटीच्या धंद्यात काही वाईट नाही. म्हणून पहिल्या साठ नकारांनी खचू नका आणि पहिल्या दोन होकारांनी ऑर्डर देऊ नका. नातेवाइकांचे आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांचे होकार या हिशेबात अजिबात धरू नका. ते तुम्हाला विकत घेतात, चित्राला नाही.

मोठ्या महोत्सवांबद्दल तुम्ही विचारले आहे. मुंबईचा काळा घोडा महोत्सव आणि पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव इथे तऱ्हेतऱ्हेची कला पाहायला माणसांचा महापूर येतो, आणि तुमच्या चित्रासमोर सेल्फीसाठी रांग लागेल. नव्या प्रकारच्या कलेबद्दल लोक काय बोलतात ते ऐकायला ही ठिकाणे उत्तम आहेत, पण विक्रीचा अंदाज बांधायला ती कच्ची आहेत, कारण तिथे आलेला माणूस भिंत मनात घेऊन आलेला नसतो. परदेशातली मराठी घरे मला जास्त आशादायक वाटतात. न्यूजर्सीच्या सूर्योदयाची तिथी नाशिकच्या सूर्योदयाच्या तिथीहून वेगळी असू शकते, आणि ‘आपल्या गावच्या सूर्योदयाचे चित्र’ या गोष्टीला तिथे भावनिक किंमत आहे. मात्र त्यांना चौकट पाठवू नका. प्रोग्राम त्यांच्या घरच्या टीव्हीवर चालेल असा द्या आणि त्याचे वेगळे पैसे घ्या. ही चाचणी जवळजवळ बिनखर्ची आहे, म्हणून ती मी सर्वांत आधी करीन. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची व्हॉट्सॲप वर्तुळे तुम्हाला पहिले वीस-तीस अनोळखी लोक सहज मिळवून देतील.

चाचणी सुरू करण्यापूर्वी कुठे थांबायचे हे तारखेसकट लिहून घरातल्या कोणाकडे तरी देऊन ठेवा. चार लाखांच्या ऑर्डरीसाठी माझी अट अशी असेल: गोदाकाठाशी भावनिक नाते नसलेल्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या दहा घरांनी पूर्ण किमतीवर आगाऊ रक्कम दिलेली असावी, आणि त्यातली निम्मी तरी वायरीचा प्रश्न सुटलेली, म्हणजे काम सुरू असलेली घरे असावीत. दहा हा आकडा माझ्या धंद्यातल्या अंदाजाचा आहे. तुमचा खर्च वेगळा असेल तर तो बदला, पण चाचणी सुरू झाल्यावर बदलू नका. वेळेचे भान ठेवा: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा-दिवाळी या दिवसांत घरे होतात आणि भेटवस्तू घेतल्या जातात, तर पितृपंधरवड्यात केलेल्या चाचणीवरून वर्षाचा अंदाज बांधणे तुमच्यावरच अन्याय करणारे ठरेल.

राहता राहिली चोरीची धास्ती. ‘पंचांगाप्रमाणे बदलणारे चित्र’ ही कल्पना कायद्याने कोणाचीच होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण तुमच्या प्रत्यक्ष चित्राला आणि तुमच्या प्रोग्रामला आहे, कारण संगणकीय प्रोग्राम त्या कायद्यात साहित्यकृतीत धरला जातो. तेव्हा चित्र खुशाल दाखवा, सोर्स कोड कोणालाही देऊ नका, पडद्यामागच्या संगणकात फक्त चालणारी प्रत ठेवा, आणि प्रत्येक टप्प्यावरच्या फायली तारखेसकट जपून ठेवा. कोणी नक्कल करून स्वस्तात विकू लागलाच, तर निदान बाजार आहे हे तरी त्याच्या खर्चाने कळेल, आणि तोवर तुमच्याकडे पंधरा दिवस चित्र राहिलेल्या घरांची वही असेल, जी त्याच्याकडे नसेल.